‘पाय लागला’ : कर्त्याविना क्रिया आणि उत्तरदायित्व

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची जी प्रतिमा साहित्यात रूढ झाली आहे, ती निश्चल शरीराची आहे. लुळा, पांगळा, पंगू हे आपले शब्दच हालचालीच्या अभावाकडे निर्देश करतात. कथेत असा माणूस खिडकीशी बसलेला असतो. बाहेरचे जग चालत असते आणि तो पाहत असतो. नाटकात त्याचे थिजलेले शरीर इतर पात्रांच्या धावपळीला छेद देते. समीक्षाही या प्रतिमेचा अर्थ लावताना असहायता, परावलंबन, इच्छाशक्तीची कोंडी अशा संज्ञांपाशी थांबते. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि हे अपुरेपण तपशिलाचे नसून तत्त्वाचे आहे. मज्जारज्जू निकामी झालेल्या पुष्कळ माणसांचे शरीर निश्चल नसतेच. ते हलते. रात्री अंथरुणात गुडघे एकाएकी पोटाशी ओढले जातात. सकाळी पांघरूण बाजूला करताना दोन्ही पाय काठीसारखे ताठ होतात. चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून उतरताना बसलेल्या हादऱ्याने पाऊल खालच्या पट्टीवर ठेका धरते आणि थांबत नाही. ज्या पायापर्यंत आज्ञा पोचत नाही, तो आज्ञेवाचून हलत राहतो.

या हालचालीला मराठीत नेमके नाव नाही. आचके, झटके, पेटके, पाय उडणे, पाय आखडणे यांपैकी जे जवळचे सापडेल ते लोक वापरतात. वैद्यकातला स्पॅझम हा शब्दही घरांत रुळला आहे. पेटका हा खरे तर वेगळा, धावून आलेल्याच्या पोटरीत येणारा गोळा. आकडी वेगळी, तिच्यात शुद्ध हरपते. इथे शुद्ध पूर्ण असते. इजा अपुरी असेल तर आचका जाणवतो, कधी फार दुखतो. इजा पूर्ण असेल तर पुष्कळदा तो केवळ दिसतो. माणूस बोलत असतो आणि आपल्याच पायाचे काय चालले आहे हे, दुसऱ्याच्या पायाकडे पाहावे तसे, डोळ्यांनी पाहून जाणून घेत असतो. नाव नसण्याला इतिहासाचेही कारण आहे. प्राचीन इजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात अशा इजेची नोंद उपचार न करण्याजोगा आजार म्हणून झाली आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिती फारशी बदलली नव्हती. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या शय्याव्रणांमुळे बहुतेक रुग्ण लवकर दगावत. १९४४ साली लुडविग गुटमान यांनी इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे सुरू केलेल्या विभागापासून ही माणसे दीर्घकाळ जगू लागली. आपल्याकडे जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र सुरू झाले ते १९७४ साली. म्हणजे हे आचके घेऊन वर्षानुवर्षे संसार करणे हा मानवी अनुभव म्हणूनच अलीकडचा आहे. भाषेला त्याच्यासाठी शब्द घडवायला अजून अवधी मिळालेला नाही.

यातून उद्भवणारा नैतिक प्रश्न वरवर साधा दिसतो. पाय उडला, तेव्हा तो कोणी उडवला? कोणीच नाही, असे उत्तर असेल, तर त्या उडण्याने चहाचा पेला लवंडला, शेजारी झोपलेल्या बायकोला लाथ बसली, नातू दचकून रडू लागला, याचे उत्तर कोणी द्यायचे? आणि तेही कोणीच द्यायचे नसेल, तर असा माणूस दर वेळी ओशाळून क्षमा का मागतो?

आधी घटना नीट पाहणे आवश्यक आहे. तत्त्वचर्चेला घटना ओलांडून पुढे जाण्याची खोड असते. इजेनंतरचे काही दिवस, पुष्कळदा काही आठवडे, इजेखालचे शरीर खरोखरच शिथिल पडते. या अवस्थेला वैद्यकात स्पायनल शॉक म्हणतात. ती ओसरू लागली की एके दिवशी अंगठा हलतो, पाऊल झटका देते. उशाशी बसलेल्या नातलगांना वाटते, पाय परत आला. डॉक्टरांना तेव्हा सांगावे लागते, की ही इच्छेची हालचाल नव्हे, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. या क्षणाइतका नाट्यपूर्ण आणि निर्दय क्षण क्वचितच असेल. ज्या खुणेची सारे घर वाट पाहत होते ती खूण येते, आणि तिचा अर्थ अपेक्षेच्या नेमका उलट निघतो. लोकप्रिय चित्रपटांनी ‘अंगठा हलला’ या दृश्याला कृपेचे, चमत्काराचे चिन्ह बनवून टाकले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ घरांना तोच अंगठा हलल्यावर समजते, की आता हे असेच चालायचे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघालेली नुसती तार नव्हे. इजेखालचा तिचा भाग जिवंत असतो. स्नायू ताणला गेला की तो आकसावा, त्वचेला काही बोचले की पाय मागे ओढला जावा, ही मंडले त्या भागातच पुरी होतात. मेंदूकडून उतरणारे संदेश हालचाल घडवतात तसे या मंडलांना आवरूनही धरतात. हा आवर गेला, की काळाच्या ओघात मंडले अधिकच उत्तेजनशील होतात. चादरीच्या स्पर्शाने, थंडीने, भरलेल्या मूत्राशयाने पाय उसळतो. ज्या संशोधकाने प्रतिक्षिप्त क्रियांच्या अभ्यासाचा पाया घातला आणि १९३२ साली नोबेल पारितोषिकाचा मान एड्रियन यांच्यासह मिळवला, त्या शेरिंग्टनचे एक निरीक्षण इथे महत्त्वाचे आहे. स्नायूपर्यंत जाणारी शेवटची वाट एकच असते. इच्छा असो वा प्रतिक्षिप्त क्रिया, दोघींना त्याच चेतापेशींतून जावे लागते. निरोप कोणाचा हे स्नायूला कळण्याची सोय नाही. तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही हालचाली सारख्या दिसाव्यात, यात नवल नाही.

आतून मात्र भेद आहे, आणि मराठी भाषा तो एका प्रत्ययाने दाखवते. ‘पाय हलतो’ आणि ‘मी पाय हलवतो’. विट्गेनस्टाइनच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) या ग्रंथात एक प्रसिद्ध वजाबाकी आहे : मी हात वर करतो, यातून हात वर जातो ही वस्तुस्थिती वजा केली तर बाकी काय राहते? मराठीत ही वजाबाकी कागदावर मांडता येते. हलवणे वजा हलणे, बाकी ‘व’. हा झाला प्रयोजकाचा ‘व’. पण त्याच रूपाचा आणखी एक ‘व’ मराठीत आहे, तो शक्य क्रियापदांचा. आजारी माणसाला चालवत नाही, म्हाताऱ्याच्याने आता फार वेळ बसवत नाही. घडवून आणणे आणि घडवून आणण्याचे सामर्थ्य असणे, या दोन्ही गोष्टी आपली भाषा एकाच ध्वनीने सांगते. तो योगायोग असेल तर अर्थपूर्ण योगायोग आहे. मज्जारज्जूच्या इजेने हिरावून घेतला तो हा ‘व’. क्रियापदाचा धातू शिल्लक राहिला.

विट्गेनस्टाइनचा रोख असा, की ती बाकी म्हणजे आत दडलेली ‘इच्छा’ नावाची वेगळी वस्तू मानण्याची घाई करू नये. आचक्यांसह जगणाऱ्याचा अनुभव या सावधगिरीला बळ देतो. आपण पाय हलवला नाही हे ठरवायला त्याला अंतर्मनात शोध घ्यावा लागत नाही. फरक उघड होतो तो पुढच्या व्यवहारात : सांगितल्यावर हलवता येतो का, थांबवता येतो का. अभिनेता क्रिस्टोफर रीव्ह याला १९९५ साली घोड्यावरून पडून मानेच्या मणक्यांत इजा झाली. २००० साली त्याच्या डाव्या हाताची तर्जनी हलू लागली, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, की बोट हलते आहे की तो हलवतो आहे? सांगितल्यावर ते हलवून दाखवता येते, हे दिसले तेव्हा ती घटना वैद्यकीय कुतूहलाचा विषय झाली. एरवी तेच बोट तितकेच हलले असते तर कोणी त्याची नोंदही घेतली नसती.

मराठीत कर्त्याविना क्रिया सांगण्याच्या रीती कमी नाहीत. उजाडले, सांजावले, मला मळमळते, त्याला गहिवरले. व्याकरणकार यांना भावकर्तृक म्हणतात. मळमळणारा माणूस कर्ता नसतो, पण ‘मला’ या चतुर्थीने त्याला अनुभव घेणाऱ्याची जागा मिळते. आचक्याला हीही सोय नाही. ‘मला पाय उडतो’ असे मराठी बोलत नाही. उरते एवढेच वाक्य : ‘माझा पाय उडतो.’ कर्ता पाय, आणि माणसाची सारी हजेरी ‘माझा’ या षष्ठीत. या षष्ठीचा अर्थ काय, हा या चर्चेचा गाभा आहे.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाला भिडणारे साहित्य अपेक्षेपेक्षा अधिक आहे. सांख्यांचा पंगु-अंध दृष्टांत प्रसिद्ध आहे : पुरुष पाहणारा पण न चालणारा, प्रकृती चालणारी पण न पाहणारी, आणि दोघांच्या संयोगाने प्रवास. या दृष्टांतात पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसलेला असतो आणि आंधळा त्याचे ऐकतो. न ऐकणाऱ्या आंधळ्याचा विचार दृष्टांतात नाही. न्यायदर्शन अधिक उपयोगी पडते. न्यायसूत्रांनी शरीराची व्याख्याच चेष्टेचा, इंद्रियांचा आणि अर्थांचा आश्रय अशी केली आहे, आणि चेष्टा म्हणजे कोणतीही हालचाल नव्हे. हित मिळवण्यासाठी व अहित टाळण्यासाठी केलेली हालचाल. वाऱ्याने पान हलते ती चेष्टा नाही. (मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा झाली, हे अर्थांतर इथे विलक्षण बोचरे वाटते. शास्त्रार्थाने ज्याला चेष्टा म्हणता येत नाही, ते मराठी अर्थाने चेष्टाच आहे असे त्या माणसाला कैकदा वाटत असेल.) या व्याख्येचा अक्षरार्थ धरला तर इजेखालचे अंग शरीरच उरत नाही, ते शरीराला जोडलेले द्रव्य होते. हा निष्कर्ष कोणालाही पटणार नाही. व्याख्या इथे अडते, असे म्हणावे लागेल.

वैशेषिकांकडे एक वाट आहे. प्रशस्तपादाने प्रयत्नाचे दोन प्रकार मानले : इच्छाद्वेषपूर्वक आणि जीवनपूर्वक. झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तो दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नाने. तिथे इच्छा नाही, पण निव्वळ यांत्रिकताही नाही. जगणे हेच तिथे कारण आहे. आचक्याला या कोटीत बसवता येईल काय? पूर्णपणे नाही, श्वासाने जीवन चालते, आचक्याने चालत नाही. तरी पायाला बोचणाऱ्या वस्तूपासून पाय मागे ओढणारे जे मंडल, ते मूळचे अहितपरिहाराचेच आहे. फक्त ते आता चादरीपासून आणि मोज्यापासूनही पाय ओढून घेते. संरक्षणाची ही क्रिया ज्याच्यासाठी आहे, त्याच्याशी तिचा संपर्क तुटला आहे. तिला वेडी म्हणता येईल, परकी म्हणता येणार नाही.

याउलट गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांचा आधार घेऊन कोणी सांत्वन करू लागले, तर तेथे सावध राहावे लागते. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. या पाचांतून केवळ स्वतःला कर्ता समजणारा अज्ञानी, असा तो विचार आहे, आणि मराठी संतपरंपरेने अकर्तेपणाला ज्ञानाच्या शिखरावर बसवले आहे. आजाऱ्याच्या भेटीला आलेली वडीलधारी मंडळी त्याच परंपरेतून सहज म्हणून जातात, की करणारे आपण कोण, करता करविता तो. पण ज्ञान्याचे अकर्तेपण आणि इजा झालेल्याचे अकर्तेपण यांत एक मूलभूत अंतर आहे. ज्ञानी क्रिया करीत असतो आणि तिचे कर्तृत्व सोडतो. इथे सोडण्यासाठी कर्तृत्व हातात आलेलेच नाही. जे कधी धरता आले नाही त्याचा त्याग करवून घेणे हा त्यागाचा अपभ्रंश आहे. आपल्या नैतिक भाषेत इच्छेच्या नियंत्रणाला आणि नियंत्रणाच्या विसर्जनाला, दोहोंना भारदस्त जागा आहेत. नियंत्रण नसतानाही रोजचे जगणे सांभाळणाऱ्यासाठी मात्र ती गप्प आहे.

रसचर्चेचा अभ्यासक येथे सात्त्विक भावांची आठवण करून देईल. स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथू आदी आठ भाव अनैच्छिक असतात, किमान तसे दिसावे लागतात, आणि म्हणूनच ते आतल्या भावाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानले जातात. खोटे हसता येते, खोटे रोमांच आणणे कठीण. लोकव्यवहारही याच तर्काने चालतो. त्यामुळे बोलता बोलता समोरच्या माणसाचा पाय एकाएकी झटकला गेला, की ऐकणाऱ्याला वाटते, याला राग आला, हा अस्वस्थ झाला, माझे बोलणे झोंबले. अनैच्छिक ते सच्चे, या समजुतीमुळे आचका भाषेसारखा वाचला जातो. गंमत अशी, की हे वाचन नेहमीच चुकीचे ठरत नाही. मानसिक ताणाने आचके वाढतात असे पुष्कळजण सांगतात. आणि अन्य अर्थानेही आचका बोलतो. इजेखाली वेदना जाणवत नसेल, तर मूत्राशयातला जंतुसंसर्ग, मांडीखाली सुरू झालेले व्रण, मांसात रुतलेले नख यांची पहिली वार्ता कधी कधी वाढलेल्या आचक्यांतूनच कळते. सरावलेला माणूस सकाळच्या आचक्यांवरून दिवसाचा अंदाज बांधतो. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे हे आहे : लिंग आहे, पण वक्ता नाही. लेखकाचा हेतू बाजूला सारून संहिता वाचावी की नाही, यावर विसाव्या शतकातील समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. इथे ज्याच्या अंगावर संहिता लिहिली जाते, तोच तिचा हेतू नसलेला धनी आणि तोच तिचा सर्वांत काळजीपूर्वक वाचक आहे.

म्हणूनच ‘आचके थांबवावेत’ हा सल्ला वाटतो तितका निरपवाद नाही. १९६२ साली अपस्मारावरचे औषध म्हणून तयार झालेले बॅक्लोफेन पुढे स्नायूंच्या ताठरपणावर वापरात आले. १९८४ पासून ते पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या छोट्या पंपातून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडण्याची रीतही सुरू झाली. या औषधांनी अनेकांची झोप आणि बैठक परत मिळवून दिली, यात शंका नाही. पण तोंडाने घेतलेली मात्रा वाढली की गुंगी येते, अंग गळते. औषध एकाएकी बंद झाले तर जिवावर बेतू शकते. शिवाय ताठ होणाऱ्या पायाचा काहीजण उपयोग करून घेतात. खुर्चीवरून पलंगावर सरकताना, क्षणभर उभे राहताना, तोच ताठरपणा टेकू देतो. स्नायूंचा भरणाही त्याने थोडाफार टिकतो. त्यामुळे किती आचके घालवायचे आणि किती ठेवायचे याचा हिशेब ज्याचे अंग आहे त्यालाच करावा लागतो. वैद्यकाची मोजपट्टी हा हिशेब पुरा पकडत नाही. अ‍ॅशवर्थ याने १९६४ साली मांडलेल्या आणि पुढे सुधारलेल्या पट्टीत तपासणाऱ्याच्या हाताला पायाचा किती विरोध होतो, हे मोजले जाते. म्हणजे माप आहे ते पाय दुसऱ्याला किती जुमानत नाही याचे. धन्याला तो किती उपयोगी किंवा किती असह्य आहे, हे त्या अंकात मावत नाही.

आता ‘माझा’ या षष्ठीकडे परत यावे. कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्फी याच्या मज्जारज्जूत गाठ झाली आणि ती वाढत जाऊन त्याचे हातपाय निकामी झाले. ‘द बॉडी सायलेंट’ (१९८७) या पुस्तकात त्याने या प्रवासाकडे क्षेत्रकार्याला गेलेल्या संशोधकाच्या नजरेने पाहिले आहे; आरंभ त्याने १९७२ सालच्या एका क्षुल्लक वाटलेल्या स्नायूच्या आचक्यापासूनच केला आहे. या पुस्तकात तो सांगतो, की आपल्या अवयवांविषयी बोलताना ‘माझा’ हा शब्द त्याच्या बोलण्यातून गळू लागला. निर्देशक उपपद लावून तो नुसते अवयवाचे नाव घेऊ लागला. इंग्रजीत हा बदल अंगावर येतो, कारण त्या भाषेत अवयवापूर्वी षष्ठी अनिवार्य असते. मराठीत चित्र उलटे आहे. आपण ‘पाय दुखतो’, ‘डोके चढले’ असेच म्हणतो. ‘माझा’ म्हणण्याची गरज भासत नाही, इतका तो आपला असतो. उलट ‘हा माझा पाय’ असे मुद्दाम म्हणावे लागले की दुरावा सुरू झाला असे समजावे. म्हणजे मर्फीची तुटलेपणाची भाषा मराठीत शब्दशः आणली तर ती जवळिकीची भाषा होऊन बसेल. आत्मचरित्रांचे भाषांतर करणाऱ्यांनी या ठिकाणी थांबून विचार करावा. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे ‘चाकाची खुर्ची’ हे नाव शरीराचा नव्हे, साधनाचा निर्देश करते. त्या निवडीकडेही याच दृष्टीने पाहता येईल.

मराठीत तुटलेपण वेगळ्या वाक्याने व्यक्त होते : ‘पाय ऐकत नाहीत.’ न ऐकणे हे क्रियापद आपण मुलांसाठी वापरतो, बैलांसाठी वापरतो. न ऐकणारा आपला असतो, म्हणून तर तक्रार. परक्याचे मूल ऐकत नाही याचे कोणाला वैषम्य नसते. या साध्या प्रयोगात एक महत्त्वाचा विचार दडला आहे, तो असा, की एखादी गोष्ट आपली असणे आणि ती आपल्या आज्ञेत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधुनिक पाश्चात्त्य विचारातील एक मोठा प्रवाह, निदान त्याची लोकप्रिय आवृत्ती, शरीराचे स्वामित्व नियंत्रणावर उभे करते. मराठी बोली त्याहून वेगळे सुचवते : आपले ते, ज्याच्या वर्तनाबद्दल आपण पुढे होऊन उत्तर देतो.

याचा पुरावा एका नित्याच्या आचारात आहे. पंगतीत, बैठकीत, एसटीच्या गर्दीत कोणाला चुकून पाय लागला की लावणाऱ्याचा हात आपोआप त्या माणसाला स्पर्श करून स्वतःच्या कपाळाकडे किंवा छातीकडे जातो. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. इथेही भाषेने प्रत्ययाचा भेद राखला आहे. ‘पाय लागला’ आणि ‘पाय लावला’ यांत नमस्कार आणि भांडण यांचे अंतर आहे. नमस्कार होतो तो ‘लागला’ म्हणून. लावला असता तर नमस्काराने भागले नसते. म्हणजे हा नमस्कार अपराधाची कबुली नाही. हेतू नव्हता हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही ‘मी मुद्दाम केले नाही’ एवढे म्हणून कोणी स्वस्थ बसला, तर काहीतरी राहून गेले असे वाटते. निरपराध असूनही देण्यासारखे काही शिल्लक राहते, आणि ते दिले जाते.

बर्नार्ड विल्यम्सने १९७६ साली ‘मॉरल लक’ या निबंधात जवळजवळ याच जागेवर बोट ठेवले. ट्रकखाली मूल सापडले आणि चालकाची काहीही चूक नव्हती, तरी त्या चालकाला जे वाटते ते रस्त्यावरच्या बघ्याला वाटते त्याहून वेगळे असते, आणि तसे ते असावेच अशी आपली अपेक्षा असते. मात्र विल्यम्सचा चालक गाडी चालवत होता. तिथे ‘व’ शाबूत आहे. पंगतीत पाय लागलेल्या माणसालाही पाय आवरून बसणे शक्य होते. आचक्याने उडालेल्या पायाच्या बाबतीत एवढेही नाही. मग नमस्कार कशासाठी? उत्तर असे देता येईल, की तो क्रियेसाठी नाहीच. पाय आपला आहे, एवढ्यासाठी तो आहे. क्षमा मागणारा ‘मी केले’ असे सांगत नाही. ‘हा माझा आहे’ असे सांगतो. हे सांगण्याला माणूस मुकला, आपल्या पायाकडे वाऱ्याने हललेल्या पानासारखा पाहू लागला, तर तो दोषातून सुटतो खरा, पण मर्फीने वर्णिलेल्या तुटलेपणाच्या आणखी जवळ जातो. ज्या ओशाळेपणाला आपण सुरुवातीला कोडे मानले, त्यात शरीरावरचा हक्क राखण्याची धडपड असू शकते.

असू शकते, नेहमी असतेच असे नाही. दिवसातून वीस वेळा क्षमा मागावी लागणे ही शिक्षाच आहे, आणि ती शिक्षा इतरांच्या कपाळावरच्या आठीतून दिली जाते. पाय लागल्याचा आचारही निष्पाप नाही. पाय अशुद्ध, मस्तक शुद्ध, या उतरंडीतून तो आला. कोणी कोणाला नमस्कार करायचा हे वय, नाते आणि जात यांनी ठरवले. थोरला पाय लागला तरी धाकट्याला क्वचितच नमस्कार करतो. पण या आचाराचे एक दुसरे अर्धे अंग आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्याला पाय लागला तो नमस्काराला येणारा हात मध्येच धरतो आणि म्हणतो, ‘असू द्या.’ हे अर्धे अंग नसेल तर पहिले अर्धे अंग जाच होते. ‘असू द्या’ म्हणणारा पाय लागलाच नाही असे भासवत नाही, आणि ‘तुमचा काही संबंध नाही’ असेही म्हणत नाही. तसे म्हणणे सभ्य दिसले तरी त्यात त्या माणसाला त्याच्या पायापासून तोडणे असते. आधुनिक सहानुभूती पुष्कळदा हीच चूक करते.

मराठी कथा-कादंबरीला या जागेत पुष्कळ काम आहे. निश्चल शरीराचे रूपक तिला सोपे गेले, कारण निश्चलता कशाचेही प्रतीक होऊ शकते : पिचलेल्या स्त्रीचे, कुंठित समाजाचे, पराभूत पिढीचे. आचका असा सहजी प्रतीक होत नाही. तो कथनात मध्येच येतो, प्रसंग बिघडवतो, आणि पुन्हा प्रसंग पुढे चालवावा लागतो.

असे एखादे घर कल्पावे. सासऱ्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायचे आहे. सुनेने त्याच्या काखांखाली हात घातले आहेत, तिचा चेहरा त्याच्या खांद्याशी आहे. पूर्वी ज्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे तो हा माणूस. तो उचलला जातो त्याच क्षणी उजवा पाय उसळतो आणि टाच तिच्या नडगीवर बसते. वयाने, नात्याने तिला नमस्कार करण्याचा प्रघात नाही. आणि त्याचे हात तिच्या गळ्याभोवती आहेत, ते सोडवून जोडताही येत नाहीत. ‘लागलं का गं?’ तो विचारतो. लागले आहे. ती म्हणते, ‘असू द्या, बाबा,’ त्याला खुर्चीत टेकवते, पाऊल उचलून पट्टीवर ठेवते. पाऊल तिथे ठेका धरते. ती वाकून त्याच्या गुडघ्यावर तळहात दाबून धरते, आणि ठेका थांबेपर्यंत दोघे दुधवाला आला की नाही याविषयी बोलत राहतात.